घडीच्या फोनला मधोमध फुगा, टच अडतो, सपाट उघडत नाही: काय तपासायचं आणि कुठे थांबायचं

आधी लक्षणं सांगतो, म्हणजे हे तुमच्या घडीच्या, म्हणजे मधोमध मिटणाऱ्या (फोल्डेबल) फोनबद्दल आहे की नाही ते लगेच कळेल.

आतला मोठा स्क्रीन तिरका धरला की घडीच्या रेघेवर, बहुधा वरच्या नाहीतर खालच्या टोकाला, तांदळाच्या दाण्याएवढा पांढुरका फुगा दिसतो. आठ-पंधरा दिवसांत तो रेघेवरून लांबत जातो. त्या पट्ट्यात टच अडायला लागतो. टाइप करताना मधली अक्षरं दोनदा दाबावी लागतात, फोटो सरकवताना बोट मधे आलं की फोटो थबकतो. उघडता-मिटताना बारीक करकर ऐकू येते, भातात दाताखाली खडा यावा तशी. फोन पूर्वीसारखा सपाट पडत नाही, थोडा कोन राहूनच जातो. काही जणांचा फोन उघडला तरी आतला स्क्रीन काळाच, बाहेरचा मात्र व्यवस्थित चालू.

यातलं एक जरी लक्षण असेल तर पुढचं क्रमाने करा. पण स्क्रीनवर शाईसारखा काळा डाग असेल, उभी हिरवी किंवा गुलाबी रेघ असेल, किंवा फोनची पाठ फुगलेली वाटत असेल, तर मधलं सगळं सोडून थेट ‘इथे थांबायचं’ या भागाकडे जा.

गोव्यात फोंड्याला माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. घडीचे फोन आपल्याकडे आता बरेच दिसतात आणि जूनपासून चवथीपर्यंत, म्हणजे गणपतीपर्यंत, ही एकच तक्रार माझ्या टेबलावर पुन्हा पुन्हा येते. फोन वेगवेगळ्या कंपन्यांचे, वेगवेगळ्या किमतींचे, तक्रार तीच. ‘डिस्प्ले गेला’ म्हणून आणलेल्या फोनचा डिस्प्ले बहुतेक वेळा फुगा दिसला त्या दिवशी शाबूत होता. तो नंतर गेला. मधल्या काळात कोणी नखाने फुगा दाबला, कोणी फिल्म सोलली, कोणी पंक्चरवाल्याकडे नेऊन हवा मारली. फुगा आणि काळा डाग यांच्यामध्ये काही दिवसांची, कधी काही आठवड्यांची सवड मिळते. त्या सवडीत काय करायचं तेवढंच इथे लिहितोय, कारण आतला पूर्ण स्क्रीन बदलायचा म्हणजे एका चांगल्या साध्या नव्या फोनची किंमत मोजायची, आणि वरची फिल्म बदलणं त्या मानाने किरकोळ.

आत काय आहे ते थोडक्यात

रचना डोळ्यांसमोर असली की पुढची प्रत्येक सूचना आपोआप पटते. आतल्या स्क्रीनवर सगळ्यात वर एक पातळ फिल्म असते. ती कारखान्यातच बसवलेली असते आणि स्क्रीनचाच भाग असते, बाजारातल्या स्क्रीनगार्डसारखी सुटी नसते. तिच्याखाली आजच्या बहुतेक फोनमध्ये अतिशय पातळ काच असते. सॅमसंगने २०२० साली गॅलक्सी झेड फ्लिपमध्ये अशी काच आणली तेव्हा तिची जाडी सुमारे ३० मायक्रॉन होती, माणसाच्या केसाहून पातळ. काचेखाली ओएलईडी पॅनल, म्हणजे चित्र दाखवणारा थर, त्याखाली आधाराला धातूची पातळ पत्री, आणि त्याखाली हिंज, म्हणजे फोनची बिजागरी. या बिजागरीत दाते, स्प्रिंगा आणि एकमेकांवर सरकणारे बारीक भाग असतात. तिला चारी बाजूंनी बंद करता येत नाही, कारण तिला हलायचं असतं. वरच्या आणि खालच्या टोकाला बारीक फट राहतेच.

एवढ्या पातळ काचेखाली एक कण शिरला आणि फोन मिटला, की तो कण खालून टोचतो. २०१९ च्या एप्रिलमध्ये सॅमसंगचा पहिला गॅलक्सी फोल्ड विक्रीला यायच्या आधी परीक्षणासाठी दिलेले काही फोन काही दिवसांतच बिघडले होते. काहींनी वरचा थर स्क्रीनगार्ड समजून सोलला होता, तर एका फोनमध्ये कण आत जाऊन स्क्रीनला खालून टेंगूळ आलं होतं. कंपनीने विक्री पुढे ढकलली, फटी झाकल्या, वरच्या थराच्या कडा चौकटीखाली घेतल्या आणि तो फोन सप्टेंबरमध्ये आणला. तेव्हापासून फोन खूपच सुधारले, हिंजच्या आत धूळ अडवायला बारीक तंतूंचे ब्रशही आले. तरी दुखणं त्याच दोन जागी आहे: वरची फिल्म आणि बिजागरीची फट.

सुरुवातीच्या फोल्डसाठी २ लाख घड्यांची चाचणी सांगितली होती. रोज १०० वेळा उघडला तरी पाच वर्षांहून जास्त होतात. पण घड्या घालणाऱ्या त्या यंत्राच्या हाताला मोरजीच्या किनाऱ्यावरची वाळू लागलेली नसते, शिगम्याचा गुलाल लागलेला नसतो.

पहिलं काम: बॅकअप

तपासणीच्या आधी हे करा. पैसे लागत नाहीत, वेळ तेवढा लागतो. फोटो, व्हॉट्सअ‍ॅप, कॉन्टॅक्ट, बँकेच्या अ‍ॅपचे नंबर, सगळं आत्ताच दुसरीकडे घ्या. फुग्याच्या अवस्थेत आतला स्क्रीन अजून काम करतो. एकदा तो काळा झाला की बाहेरच्या छोट्या स्क्रीनवरून बॅकअप घेणं फार त्रासाचं होतं, आणि काही फ्लिप फोनच्या (डबीसारख्या मिटणाऱ्या छोट्या फोनच्या) छोट्या स्क्रीनवर बरीच कामं करताच येत नाहीत. माझ्याकडे लोक रडवेले होतात ते फोनसाठी नव्हे, आतल्या फोटोंसाठी. मुलीच्या बारशाचे फोटो त्या एकाच फोनमध्ये असलेली बाय समोर बसली की मलाही काही सुचत नाही.

उजेडात नीट बघा

फोन बंद करा, पूर्ण उघडा आणि ट्यूबलाइटखाली तिरका धरा. घडीची रेघ दिसणं हा दोष नाही. ती पहिल्या दिवसापासून असते आणि हळूहळू थोडी खोल होते. बघायचं आहे ते वेगळं. रेघेवर पांढुरकं, हवेचं, बोटाच्या पेराने हलकं दाबलं तर सरकणारं काही आहे का? असेल तर फिल्म उचलली गेली आहे, पुढची आशा मोठी. की टोकदार, घट्ट, दाबलं तरी न हलणारं टेंगूळ आहे? असेल तर कण फिल्मखाली किंवा स्क्रीनखाली गेलाय. तिथे पुन्हा दाबू नका आणि फोन कमीत कमी वेळा मिटा.

पेर म्हणजे पेरच. नख लावू नका. नखाने पडलेली खूण त्या फिल्मवर कायमची राहते, आणि फुगा एका जागी दाबला की हवा रेघेवरून पुढे पळते आणि तेवढी फिल्म आणखी सुटते.

कव्हर आणि चुंबक काढा

हे इतकं सोपं आहे की लोक करतच नाहीत. कव्हर काढा, मागे चिकटवलेली अंगठी काढा, गाडीतल्या चुंबकाच्या होल्डरवरून फोन उतरवा. मग उघडून बघा.

कारणं दोन. एक म्हणजे बिजागरी झाकणारी कव्हरं जाड असतात, काहींना आतून चिकटपट्टी असते. त्या पट्टीखाली वाळू साठते, किंवा कव्हरची कड मधे येऊन फोन सपाट होऊ देत नाही. सपाट न उघडणारे कितीतरी फोन कव्हर काढल्याबरोबर सरळ झाले आहेत. दुसरं म्हणजे फोन उघडला की मिटला हे त्याला चुंबक आणि एका सेन्सरवरून कळतं. बाहेरचं चुंबक जवळ आलं की फोनला वाटतं तो मिटलेलाच आहे, आणि आतला स्क्रीन काळा राहतो. ‘उघडला तरी काळा’ या तक्रारीत मी आधी कव्हर काढतो, मग बाकीचं.

चुंबकावरून आणखी एक. कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत फॅब्रिकेशनचं काम करणारे एक गृहस्थ दर दोन महिन्यांनी येतात. ग्राइंडरच्या ठिणग्यांतून उडालेला लोखंडाचा कीस त्यांच्या फोनच्या कडेला काळ्या मिशीसारखा चिकटलेला असतो, कारण फोन मिटलेला राहावा म्हणून कडांमध्ये चुंबकं असतात. तो कीस फोनच्या बाहेरच्या धातूवर सेलोटेप हलकेच टेकवून निघतो. टेप आतल्या स्क्रीनला अजिबात लागू देऊ नका, फिल्म सोबत येईल. आणि या चुंबकांमुळेच, घरात कोणाला पेसमेकर असेल तर मिटलेला फोन छातीवरच्या खिशात नको.

टच खरंच मेलाय का?

फोन रिस्टार्ट करा. मग चित्र काढायचं कोणतंही अ‍ॅप उघडा आणि बोटाने संपूर्ण स्क्रीन रेघांनी भरून काढा, शेणाने अंगण सारवतो तसं, एकही जागा न सोडता. सॅमसंगच्या फोनवर डायल पॅडवर *#०*# टाकलं की टच तपासायचा पडदाच उघडतो. रेघ कुठे तुटते ते बघा आणि दुसऱ्या फोनने त्याचा फोटो काढून ठेवा. पुढे सर्व्हिस सेंटरला हा फोटो फार उपयोगी पडतो.

रेघ फुग्यावरच तुटत असेल आणि बाजूला नीट असेल, तर बोट आणि टच यांच्यामध्ये हवा आली आहे. फिल्म बदलली की बहुतेक वेळा टच परत येतो. फुगा नसलेल्या भागातही वरपासून खालपर्यंत सलग पट्टा मेलेला असेल, तर दोष खाली पॅनलमध्ये आहे. तो घरी सुटत नाही.

अ‍ॅपची गडबड वगळायची असेल तर सेफ मोडमध्ये, म्हणजे बाहेरून घेतलेली अ‍ॅप बंद ठेवून फोन चालू होतो त्या अवस्थेत, हीच चाचणी करा. बरेच फोन अर्धवट उघडे ठेवले की अ‍ॅप वरच्या अर्ध्या भागात जातं आणि खालच्या अर्ध्या भागात बटणं किंवा टचपॅड येतो. साखळीच्या एका शिक्षिकेने ‘खालचा अर्धा टच मेला’ म्हणून फोन आणला होता. वर्गात टेबलावर लॅपटॉपसारखा अर्धा उघडा ठेवायच्या, म्हणून तसं व्हायचं. पूर्ण उघडला आणि सगळं चालू. त्यांचे डिस्प्लेचे पैसे वाचले, याचा मला त्यांच्याइतकाच आनंद झाला.

फट साफ करणं

इथे जरा रेंगाळतो, कारण बहुतेक फोन याच पायरीवर सुधारतात किंवा याच पायरीवर मरतात.

गेल्या चवथीच्या आधी म्हार्दोळच्या बाजूचे एक भटजी आले. पुस्तकासारखा उघडणारा मोठा फोन, त्यात पोथी. डोळ्यांना मोठी अक्षरं बरी पडतात म्हणून मुलाने घेऊन दिलेला. म्हणाले, “पूजेच्या मध्येच पान उलटत नाही हो. यजमान हात जोडून बसलेले आणि मी आपला बोट घासतोय.” चौरंगाजवळ पाटावर उघडा ठेवायचे. मी पांढऱ्या कागदावर फोन धरला, अर्धा उघडा, बिजागरीचं एक टोक खाली, आणि मऊ ब्रश फटीवरून खालच्या दिशेने फिरवला. पहिल्या पाच-सहा हातांत काही नाही. मग कुंकू पडायला लागलं. लाल धूळ, तिच्यात उदबत्तीची राख, आणि शेवटी अक्षतेचा एक तुटका तुकडा, हळद लागलेला, मोहरीपेक्षा लहान. दुसरं टोक खाली केलं, तिकडूनही कुंकू. करकर तिथल्या तिथे थांबली. फुगा होताच, एक सेंटिमीटरचा, कारण ते रोज अंगठ्याच्या नखाने तो सरकवत होते. तो मी हातही न लावता सर्व्हिस सेंटरला पाठवला. नवी फिल्म बसली, टच परत आला, आणि चवथीचे पाचही दिवस पोथी चालली. फोन आता ते पाटाऐवजी छोट्या लाकडी स्टँडवर, कुंकवाच्या करंड्यापासून हातभर लांब ठेवतात.

तर पद्धत अशी. फोन बंद करा. कव्हर काढलेलं हवं. खाली पांढरा कागद घ्या, म्हणजे काय पडतंय ते दिसतं. नवा, कोरडा, मऊ ब्रश घ्या. बाळाचे केस विंचरायचा किंवा मेकअपचा चालतो, रंगाचा जुना नको. फोन साधारण काटकोनात उघडा आणि पुस्तक उभं ठेवतो तसा उभा धरा, म्हणजे फटीचं तोंड खाली येईल. वरून खाली ब्रश फिरवा, आतल्या बाजूला ढकलू नका. थोड्या थोड्या वेळाने ब्रश स्वच्छ कापडावर झटका. मग फोन उलटा करून दुसरं टोक. शेवटी आतल्या स्क्रीनच्या चारही कडा, अगदी हलक्या हाताने. फोन एकदा सावकाश मिटून उघडा, कानाजवळ धरून ऐका, पुन्हा ब्रश. असं तीन-चार वेळा. करकर कमी होत असेल तर तुम्ही बरोबर चाललाय. तीन-चार वेळांनंतर फरक नसेल तर थांबा. कण आत बसलाय आणि प्रत्येक घडीला तो दाते खातोय.

हवा मारू नका. तोंडाने फुंकलं तर थुंकीची वाफ आत जाते, आणि कॉम्प्रेसरची हवा बाहेरचा कण खोल नेऊन बसवते. पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरच्या हवेत पाणी आणि तेलही असतं. सुई, टाचणी, टूथपिक फटीत घालायची नाही, कारण बिजागरीच्या अगदी जवळून दोन्ही अर्ध्या भागांना जोडणारी वायरची लवचिक पट्टी जाते. डब्ल्यूडी-४०, शिलाई मशीनचं तेल, खोबरेल, काहीही सोडू नका. करकर दोन दिवस थांबेल, कारखान्यात घातलेलं ग्रीस धुऊन जाईल, आणि तेलावर धूळ बसून त्याचा चिखल होईल. तेल फिल्मच्या कडेला पोचलं तर डिंकही सुटतो.

किनाऱ्यावरून आलेल्यांसाठी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. फोनच्या खोक्यावर धूळ आणि पाणी किती अडतं ते सांगणारा आयपी आकडा असतो. तो आयपीएक्स८ असेल तर त्यातला एक्स म्हणजे धुळीचं मोजमाप दिलेलंच नाही. आयपी४८ असेल तर तो चार म्हणजे एक मिलिमीटरपेक्षा मोठे कण आत जाणार नाहीत, एवढंच. आपल्या किनाऱ्यांवरची बहुतेक वाळू त्याहून बारीक असते. अलीकडे आयपी६८ असलेला घडीचा फोनही आला आहे, म्हणजे धूळ पूर्ण अडवणारा, पण लोकांच्या हातातले बहुतेक फोन तसे नाहीत. हरमल, केरी, कळंगुट कुठेही जा, वाळूवर बसून फोन उघडू नका. मिटलेला, पिशवीत चेन लावून ठेवा. शिगम्याच्या रोमटात, म्हणजे ढोल-ताशांच्या मिरवणुकीत, आणि माशेलच्या चिखलकाल्यात तर फोन घरीच बरा. दूतर्फा लाल धूळ उडणाऱ्या रस्त्यावर स्कूटरच्या होल्डरला उघडा फोन लावून जाणाऱ्यांनाही हेच.

ओल

पावसाळ्यात इथल्या भिंतींनाही घाम फुटतो. दमट हवा, ओले हात, रेनकोटच्या आतल्या खिशातली वाफ. अशात फिल्मच्या कडेचा डिंक सैल पडतो आणि फुगा धरतो. गाडीच्या गार एसीतून एकदम बाहेर आल्यावर फोनवर दव धरतं ते वेगळंच.

फोन भिजला असेल किंवा ओल वाटत असेल तर बाहेरून मऊ कापडाने पुसा, पूर्ण सपाट उघडा आणि पंख्याखाली सावलीत ठेवा. शक्य असेल तर एसीच्या ड्राय मोडच्या खोलीत. घट्ट डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत एक-दोन दिवस ठेवलं तर उत्तम. तोपर्यंत चार्जिंग नाही. खाऱ्या पाण्याचा शिंतोडा असेल तर साध्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या कापडाने आधी मीठ पुसून घ्या, मग वाळवा. मीठ राहिलं तर ते पुन्हा पुन्हा ओल ओढतं आणि धातू खातं.

तांदळाच्या डब्यात फोन पुरू नका. हा उपाय घराघरांत सांगितला जातो आणि घडीच्या फोनचं त्याने फार नुकसान होतं. तांदूळ ओल फारशी ओढत नाही, पण त्याचा कोंडा आणि कणी मात्र बिजागरीत जाते, आणि ओलीवर तिचा गोंद होतो. हेअर ड्रायरही नको, गरम हवेने फिल्मचा डिंक आणखी सुटतो. त्याच कारणाने एप्रिल-मे महिन्यांत गाडीच्या डॅशबोर्डवर फोन ठेवू नका.

सांजावाला, म्हणजे विहिरीत उड्या मारायच्या गोव्यातल्या पावसाळी सणाला, उडी मारताना फोन खिशात राहिल्याचे प्रकार दर वर्षी येतात. आयपीएक्स८ चं आश्वासन साधारण दीड मीटर गोड्या पाण्यात अर्ध्या तासाचं असतं, तेही शांत पाण्यात आणि नव्या फोनला. उडीचा दणका त्यात धरलेला नाही. दोन वर्षं उघडलेल्या-मिटलेल्या, एकदा पडलेल्या फोनचा त्यावर भरवसा ठेवू नका.

फिल्म बदलणं

वरचं सगळं करून करकर थांबली, ओल गेली, पण फुगा राहिला, तर फिल्म बदलायची वेळ झाली. इथे पैसे लागतात आणि इथे घरचा हात थांबतो.

स्वतः सोलू नका. इंटरनेटवर ती सोलून दाखवणारे आहेत, आणि काही फोनमध्ये ती सुटी निघतेही. काहींत ती काढलीच तर स्क्रीन सोबत जातो. सुटी निघणाऱ्या फोनमध्येसुद्धा खालच्या काचेला आधीच केसाएवढी चीर असेल तर फिल्म ओढताना ती पूर्ण फुटते. मी स्वतः हे काम घेत नाही. माझ्याकडे धूळमुक्त खोली नाही, कंपनीची मूळ फिल्म बसवायचं यंत्र नाही. जो दुकानदार ‘पाच मिनिटांत करून देतो’ म्हणतो त्याला आधी विचारा, फिल्म कोणत्या कंपनीची आणि काच फुटली तर जबाबदारी कोणाची.

आतल्या स्क्रीनवर साधी टेम्पर्ड ग्लास कधीही लावायची नाही, ती वाकत नाही. जाड जेलची फिल्मही नको. तिच्यामुळे फोन मिटताना मधे जागा राहत नाही आणि सगळा दाब घडीवर येतो. आधीच लावली असेल आणि मिटलेला फोन एका बाजूला जास्त उघडा राहत असेल, तर कारण तेच असू शकतं. हे बघताना जुन्या मॉडेलशी गल्लत करू नका: सुरुवातीच्या फोनमध्ये मिटल्यावर बिजागरीकडे फट मुळातच असायची. दोन्ही टोकांची फट सारखी आहे ना, एवढं बघा.

अधिकृत सर्व्हिस सेंटरला जा, पणजीला किंवा मडगावला फेरी पडली तरी. काउंटरवर ‘डिस्प्ले खराब’ असं सांगू नका. ‘फिल्म उचलली आहे, फुग्याच्या बाजूला टच चालतो’ असं सांगा, टच-चाचणीचा फोटो दाखवा, आणि जॉबशीटवर, म्हणजे फोन जमा करताना मिळणाऱ्या पावतीवर, तेच शब्द लिहून घ्या. फक्त फिल्म बदलणार की पूर्ण डिस्प्ले, हे आधी विचारा. बऱ्याच फोनमध्ये आतला डिस्प्ले, चौकट आणि बिजागरी असा एकच संच येतो, म्हणून तो महाग. फोन देण्यापूर्वी चारही बाजूंनी फोटो काढा, बिल सोबत ठेवा, वॉरंटी किंवा विमा असेल तर त्याची चौकशी आधी करा. वॉरंटीत असलेला फोन बाहेर उघडला गेला असेल तर ती संधी बहुधा हातची जाते.

इथे थांबायचं

पुढच्यापैकी काही दिसलं तर ब्रश, कापड, अ‍ॅप, सगळं बाजूला ठेवा.

शाईसारखा काळा किंवा जांभळा डाग, जो काल वाटाण्याएवढा होता आणि आज रुपयाएवढा आहे. ओएलईडीचं आवरण फुटलंय, हवा आणि ओल आतल्या रसायनाला खातेय. हा डाग थांबत नाही. बॅकअप झाला नसेल तर होईपर्यंत फोन मिटू नका, कारण पुढच्या घडीला उरलेला भागही जाऊ शकतो.

उभ्या रंगीत रेघा. किंवा एका ठराविक कोनात स्क्रीन लुकलुकतो आणि कोन बदलला की सुधारतो. दुसऱ्यात संशय बिजागरीतून जाणाऱ्या पट्टीवर. उघडमीट करून ‘बघतो परत होतं का’ असं करू नका, प्रत्येक वेळी पट्टी आणखी तुटते.

फिल्मखाली काचेचे कण बोटाला टोचतात. डोळे चोळू नका, लहान मुलांच्या हाती फोन देऊ नका.

बिजागरी एका टोकाला सैल आहे, दोन अर्धे भाग एकमेकांवर जुळत नाहीत, साफ केल्यावरही कटकट वाजते. बिजागरी उघडून दुरुस्त करायची वस्तू नाही. स्प्रिंगा ताणलेल्या असतात. मीही ती उघडत नाही.

कॅमेऱ्याच्या काचेच्या आतून वाफ दिसते. पाणी आत पोचलंय. फोन बंद करा, चार्जर लावू नका, त्याच दिवशी दाखवा.

आणि सगळ्यात गंभीर: पाठ उचलली गेली आहे, एक अर्धा भाग फुगीर आहे, फोन मिटत नाही आणि गरम लागतो. पुस्तकासारख्या फोनमध्ये बहुधा दोन्ही अर्ध्या भागांत एकेक बॅटरी असते, त्यातली एक फुगली असणार. दाबून मिटवायचा प्रयत्न अजिबात करू नका. बंद करा, चार्जरवरून काढा, उशी-गादीपासून दूर, लादीवर ठेवा आणि लगेच माहीतगाराकडे न्या. अशा फोनला कोणी वजन ठेवून सपाट करायला सांगितलं तर ऐकू नका.

फिल्म बदलून आणल्यावरची एक तपासणी

नवी फिल्म बसली की पहिल्या दिवशी पुन्हा तीच टच-चाचणी करा आणि ट्यूबलाइटखाली तिरकं धरून फोटो काढून ठेवा. महिनाभराने त्याच जागी, अगदी त्याच टोकाला पुन्हा फुगा आला तर फिल्मला दोष देऊ नका. खाली बिजागरी एका बाजूला उचललेली आहे किंवा कण अजून आत आहे, आणि कितीही फिल्मी बदलल्या तरी फुगा तिथेच येणार. दोन्ही फोटो आणि जुनी जॉबशीट घेऊन दुरुस्तीच्या वॉरंटीची मुदत संपायच्या आत परत जा, आणि या वेळी बिजागरी तपासायला सांगा.